ओवी कुणाची, गाव कुठलं?

 

एरवी आम्ही तुमच्याशी बोलतो ते गटाच्या वहीबद्दल, बँकेच्या हप्त्याबद्दल, नाहीतर शेळीच्या विम्याबद्दल. आज पैशाचा विषय नाही. आज बोलायचं आहे ओवीबद्दल. आपल्या आजीची, सासूची एखादी ओवी अर्धीच आठवते, बाकीची हरवली आहे. ती शोधायची कुठे? कुणाला विचारायचं, कोणतं पुस्तक बघायचं, मोबाईलवर काय टाकायचं? हे आम्हाला एका प्रसंगातून शिकावं लागलं. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका वहिनींच्या सासूबाईंना सगळा वाडा थोरली माय म्हणायचा. त्यांचं माहेर गोदाकाठचं. ते गाव आज नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाचं काम 1965 साली सुरू झालं आणि 1976 साली धरणाचं उद्घाटन झालं. नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून जास्त गावांच्या जमिनी आणि घरं गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या भागातल्या बायांना हे सांगायला नको. थोरल्या मायचं माहेर त्यातलंच एक. लोक उठले, कुणी इकडे वसले, कुणी तिकडे. गावाचं नाव कागदावर राहिलं आणि थोरल्या मायच्या ओवीत राहिलं. घरात लेक-नात जन्माला आली की पाळण्यापाशी बसून त्या ती ओवी म्हणायच्या. तिच्यात गावाचं नाव होतं, नदीचा घाट होता आणि न्यायला येणारा भाऊ होता.

थोरली माय गेली. दहाव्याच्या दिवशी वहिनी आम्हाला म्हणाल्या, "बाई, मला ती ओवी येत नाही. पहिले दोन शब्द येतात आणि शेवटाला गावाचं नाव येतं. मधलं सगळं गेलं. आता माझ्या नातीला मी काय म्हणू?"

आम्ही सगळ्या गप्प बसलो. कारण आमच्यातल्या प्रत्येकीने ती ओवी ऐकलेली होती आणि एकीलाही पूर्ण येत नव्हती. रोज कानावर पडते म्हणून कुणी लिहून ठेवली नव्हती.

मग कुणीतरी आठवण काढली. काही वर्षांपूर्वी एक अभ्यास करणारा मुलगा गावात आला होता. म्हाताऱ्या बायांना एकत्र बसवून त्याने ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. थोरली मायही त्यात होती. आम्हाला वाटलं, चला, आवाज मिळाला! पण मुलाचं नाव काय, तो कुठून आला, रेकॉर्डिंग कुठे ठेवलं, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. चहा दिला, ओव्या दिल्या आणि पाठवणी केली. गटात पन्नास रुपये दिले तरी आपण पावती मागतो. ओव्यांची पावती मागावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते रेकॉर्डिंग आम्हाला आजपर्यंत मिळालेलं नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं की आपणच शोधायचं. ज्या वाटेने गेलो ती तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमची पायपीट वाचेल.

पहिली गोष्ट कळली ती अशी की बाईच्या ओवीची दखल फार जुनी आहे. सोमेश्वर नावाचा चालुक्य राजा होऊन गेला. त्याचा 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ साधारण 1129 सालचा आहे. त्यात असं सांगितलं आहे की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या ग्रंथात आपली ओवी पोचली होती. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा तर घराघरात आहे. बाईने दळता-कांडता गायलेलं गाणं लिहून ठेवण्याजोगं आहे का, अशी शंका कुणी घेतली तर हे सांगा.

आता पुस्तकांकडे येऊ. आमच्या गटातल्या एकीची मुलगी शहरात कॉलेजला आहे. तिच्यासोबत आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो. ग्रंथालयात जायला आपल्याला संकोच वाटतो. तो आधी सोडा. "आम्हाला स्त्रीगीतांची पुस्तकं बघायची आहेत", एवढं सांगितलं तरी तिथली माणसं कपाट दाखवतात.

पहिलं पुस्तक म्हणजे साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन'. 'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून हे पुस्तक केलं, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. त्यात ओव्या नात्यांप्रमाणे लावल्या आहेत. मायलेकरं, भाऊबहीण, सासर, माहेर, असं. हे पुस्तक आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. आपल्या ओवीत भाऊ असेल तर भावाबहिणीचा भाग उघडायचा, म्हणजे पहिल्या पानापासून वाचत बसावं लागत नाही.

दुसरं मोठं काम डॉ. सरोजिनी बाबर यांचं. सरकारने 1956 साली लोकसाहित्य समिती नेमली. पुढे सरोजिनीबाईंनी अनेक वर्षं तिचं अध्यक्षपद सांभाळलं. त्या समितीने महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या भागांतली गाणी, कहाण्या, उखाणे गोळा करून पुस्तकांमागून पुस्तकं काढली. जुन्या सार्वजनिक वाचनालयात त्यातली एक-दोन तरी सापडतात. कधी धूळ खात पडलेली असतात, पण असतात.

तिसरं पुस्तक खास आपल्या मराठवाड्याचं. डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी आपल्याकडच्या बायांच्या ओव्यांमधली रामकथा गोळा केली. पुस्तकाचं नाव 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा'. नावातच बघा, स्त्रीरचित म्हटलं आहे. ही रामकथा बायांनी रचली, हे मुखपृष्ठावरच मान्य केलं आहे.

याशिवाय दुर्गाबाई भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' आहे. कवयित्री इंदिरा संत यांची 'मालनगाथा' आहे. तिच्यात ओव्या तर आहेतच, त्या ओव्यांमधल्या बाईचं मन काय म्हणतं तेही इंदिराबाईंनी उलगडून सांगितलं आहे. डॉ. तारा भवाळकरांनी बायांच्या गाण्यांवर आयुष्यभर लिहिलं. 2025 साली दिल्लीला झालेल्या 98व्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. ओवीवर लिहिणारी बाई संमेलनाची अध्यक्ष झाली, याचा आम्हाला फार आनंद झाला. आणि आपल्याच शहरातल्या विद्यापीठात शिकवणारे डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास उभा केला. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही पुस्तकं एका ठिकाणी शोधायची तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात दोन मोठ्या जागा आहेत. एक मराठवाडा साहित्य परिषद, 1943 सालची संस्था. दुसरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं ग्रंथालय. विद्यापीठात आपण विद्यार्थी नसलो तर आत बसून वाचायला परवानगी लागते. मराठी विभागातल्या मॅडमना किंवा सरांना आधी भेटून काम सांगावं. तालुक्याला वाचनालय असेल तर सुरुवात तिथूनच करा.

पुस्तकं चाळून आम्हाला थोरल्या मायच्या ओवीच्या बहिणी पुष्कळ सापडल्या. न्यायला येणारा भाऊ सापडला, नदीचा घाट सापडला. ती ओवी मात्र नाही सापडली. आणि आणखी एक गोष्ट जाणवली. बहुतेक जुन्या छापील पुस्तकांत ओवीखाली गाणारीचं नाव नसतं. कुणी गोळा केली त्याचं नाव मुखपृष्ठावर असतं, पण जिच्या तोंडून आली तिचं नाव नसतं. त्या काळी तशी रीतच नव्हती. ज्यांनी गोळा केलं त्यांचे उपकारच आहेत, नाहीतर एवढंही उरलं नसतं. पण वहिनी पान उलटता उलटता म्हणाल्या, "एवढ्या ओव्या, अन् एकीचंही गाव नाही." त्यांचं माहेर जसं पाण्याखाली गेलं तशी या बायांची नावं कागदाखाली गेली, असं आम्हाला वाटलं.

मग कॉलेजातल्या मुलीने मोबाईल काढला आणि आम्हाला चौथी जागा दाखवली. तिथे मात्र नावं आहेत.

त्याची हकीकत अशी. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी 1980च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गी पॉइत्वाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच झाले. पुढे काम वाढत गेलं. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे संगीत आणि संगणक जाणणारे फ्रेंच अभ्यासक आले आणि आवाजही रेकॉर्ड होऊ लागला. पुण्यापासून बीड, परभणी, लातूरपर्यंत कार्यकर्ते गावोगाव गेले. अकराशेहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. एक लाख, मैत्रिणींनो! हे रेकॉर्डिंग दिल्लीजवळ गुरुग्रामला एका अमेरिकी संस्थेच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलं आहे. आणि 2017 सालापासून 'परी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर या ओव्या एकेक करून येत गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे संकेतस्थळ उभारलं आहे. ते बघायला पैसे पडत नाहीत.

मोबाईलवर 'परी जात्यावरच्या ओव्या' एवढं टाका. आवाज ऐकू येतो, ओवी वाचता येते, अर्थ दिलेला असतो. आणि खाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, कामधंदा आणि रेकॉर्डिंगची तारीख असते. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज आम्ही तिथे ऐकला. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांनी अशा म्हटल्या आहेत की आमच्या बैठकीत कुणी चहाला हात लावला नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. त्या आमच्या गटातल्या दोघींनी दोनदा लावायला लावल्या. एक म्हणाली, "हे तर आमच्या मायचं बोलणं आहे."

आता मोबाईलवर शोधताना आम्ही काय चुकलो ते सांगतो. आम्ही ओवीचे पहिले दोन शब्द टाकत होतो आणि काही मिळत नव्हतं. का? कारण ओवीची सुरुवात दर बाई बदलते. कुणी आधी 'बाई' म्हणते, कुणी 'सांगते' म्हणते, कुणी सरळ भावाला हाक मारते. तेव्हा पहिली ओळ सोडा. ओवीतली न हलणारी खूण धरा, म्हणजे देवाचं नाव, गावाचं नाव, नातं, झाड, दागिना. दुसरं, लिहिणाऱ्यांनी बाईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं असतं. म्हणून 'विठ्ठल' टाकून मिळालं नाही तर 'इठ्ठल' टाकून बघा. 'सीता' नाही तर 'शिताबाई', 'पंढरी' नाही तर 'पंडरी'. आपली बोली चुकीची आहे असं शाळेत ऐकून आपण लाजतो. इथे बोलीतच लिहिलं तर ओवी सापडते.

ही अडचण आपलीच नाही बरं का. साता समुद्रापलीकडेही तीच आहे. इंग्लंड-अमेरिकेतली जुनी लोकगीतंही माणसागणिक बदलतात, एकाच गाण्याला दहा नावं पडतात. स्टीव्ह राउड नावाच्या एका इंग्रज ग्रंथपालाने साधारण 1970 पासून अशा गाण्यांची कार्डं करायला घेतली. कार्डं ठेवायची कुठे, तर बुटांच्या खोक्यात! त्याने युक्ती अशी केली की शब्द वेगळे असले तरी गाणं तेच असेल तर त्याला एकच क्रमांक द्यायचा. आज त्या यादीत जवळजवळ 25,000 गाणी आहेत आणि जगभरचे अभ्यासक गाण्याचा तो क्रमांक सांगतात. अमेरिकेत वॉशिंग्टनला त्यांच्या संसदेचं मोठं ग्रंथालय आहे. तिथे 1928 साली लोकगीतांचा वेगळा संग्रह सुरू झाला आणि मग माणसं मोटारीत यंत्र घालून खेडोपाडी, शेतमजुरांकडे, अगदी तुरुंगातल्या कैद्यांकडेही गाणी रेकॉर्ड करत फिरली. बुटाचं खोकं काय किंवा आपली ठराव वही काय, सुरुवात अशीच होते.

ओवीत एखादा अनोळखी शब्द आला तर काय करायचं? आम्हाला 'मुऱ्हाळी' शब्दाने अडवलं. तरुण मुलींना तो माहीत नव्हता. माहेरी न्यायला आलेला माणूस म्हणजे मुऱ्हाळी. अशा शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे आणि मोल्सवर्थ साहेबाचा जुना मराठी-इंग्रजी कोश आहे. हे दोन्ही कोश अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने संगणकावर चढवून सगळ्यांना मोफत दिले आहेत. आपल्या आजीचा शब्द शिकागोत शोधायचा म्हणजे गंमतच आहे, पण सापडतो.

ओवी केव्हाची, हेही थोडंफार काढता येतं. ओवीतल्या वस्तू बघायच्या. आगगाडी असेल तर आपल्या भागात ती 1900च्या सुमारास आली, त्याआधीची ती ओळ नसणार. बाबासाहेबांबरोबर बुद्धाचं नाव आलं तर बहुधा 1956च्या धम्मदीक्षेनंतरची. ओवीत खडी फोडणं, सुकडी आणि लाल मिलो असेल तर 1972च्या दुष्काळाची आठवण. ती मिलो अमेरिकेतून आलेली, हे त्या भाकरी खाल्लेल्या बाया अजून सांगतात. पण इथे एक सांभाळायचं. जुन्या ओवीत नवी वस्तू घालायची बायांची सवयच आहे. बैलगाडीच्या जागी मोटार येते, ओवी तीच राहते. म्हणून 'ही ओळ या सालाच्या आधीची नाही' एवढंच म्हणावं. 'ही ओवी या सालची' असं छातीठोक म्हणू नये.

एवढं सगळं केलं आणि तरी थोरल्या मायची ओवी मिळाली नाही. एक लाखात नाही, पुस्तकांत नाही. वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या आता.

तेव्हा आमच्यातली एक जण साधी गोष्ट बोलली. ती म्हणाली, "दळायला एकटी बाई कधी बसते का? समोर कोण बसायचं?"

आणि कुणाच्याच ध्यानात न आलेली ती गोष्ट खरी होती. जात्याचा खुंटा दोघी धरतात. थोरल्या मायसमोर माहेरी तिची धाकटी बहीण बसायची. ती बहीण, म्हणजे वहिनींच्या मावससासूबाई, शेवगावकडे दिलेली होती. आहे का नाही तेही आम्हाला माहीत नव्हतं. नातेवाईकांकडून चौकशी केली. मावशी होत्या. वय झालेलं, डोळ्यांनी कमी दिसतं, पण होत्या.

आम्ही चौघी एसटीने गेलो. मावशींना ओवी विचारली. त्या म्हणाल्या, "नाही आठवत गं माय, किती वर्षं झाली." आम्ही परत विचारलं, परत नाही. मग त्यांच्या सुनेने अडगळीतलं जातं ओढून काढलं, पुसलं, थोडी ज्वारी टाकली आणि मावशींचा हात खुंट्यावर ठेवला. वहिनी समोर बसल्या. जातं फिरलं. पाच-सात फेरे मावशी नुसत्याच गुणगुणल्या. मग ओवी आली. एक आली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. चौथी आमची होती. त्यात घाट होता, भाऊ होता आणि शेवटाला गावाचं नाव होतं.

थोरली माय म्हणायची त्याहून सुरुवात वेगळी होती. वहिनी रडत होत्या आणि दळत होत्या. आम्ही रेकॉर्डिंग केलं, या वेळी विसरलो नाही.

नंतर आम्ही विचारलं, ही ओवी तुमच्या आईची का? मावशी म्हणाल्या, नाही. शेजारी एक बाई होती, लहानपणी विधवा झालेली, भावाच्या घरी राहायची. दळताना ती जोडायची. आम्ही पोरी तिच्याकडून शिकलो. मावशींनी त्या बाईचं नावही सांगितलं. ते आता आमच्या वहीत आहे. तिच्या भावाची नातवंडं कुठे आहेत ते कळलं की त्यांना विचारू, तोवर रेडिओवर सांगत नाही. पण ती ओवी आता 'कुणाचीतरी' राहिली नाही.

तर मैत्रिणींनो, आमच्या ग्रामसंघात आम्ही एक ठराव केला आहे. प्रत्येक गटाने एक ओव्यांची वही करायची. तिच्यात काय लिहायचं ते ऐका, पेन असेल तर टिपून घ्या.

ओवी जशी म्हटली तशीच लिहायची, शुद्ध करायची नाही. खाली म्हणणाऱ्या बाईचं नाव, वय, सासर आणि माहेर. गावाचं नाव तालुक्यासकट, कारण एका नावाची चार गावं असतात. ती ओवी कुणाकडून शिकली ते. केव्हा म्हणतात ते, दळताना, पाळण्यापाशी का हळदीला. कुणी लिहिली आणि कोणत्या तारखेला. एकाच ओवीची दुसरी तऱ्हा मिळाली तर पहिली खोडायची नाही, तिच्याशेजारी लिहायची. राउडसारखा दोघींना एकच क्रमांक द्यायचा.

मोबाईलवर रेकॉर्ड करताना सुरुवातीलाच बाईने स्वतःचं नाव, गाव आणि तारीख बोलायची. नंतर फाईलची नावं गोंधळली तरी आवाजच सांगतो कोण आहे ते. मोबाईल पाण्यात पडतो, लेकरं फाईल पुसतात. म्हणून एक प्रत गटाकडे, एक बाईच्या घरी आणि एक शाळेत किंवा वाचनालयात.

आणि विचारल्याशिवाय काही करायचं नाही. ओवीत सासूचा जाच असतो, नवऱ्याचं दुसरं लग्न असतं, दिराची वाटणी असते. बाईने ते जात्याला सांगितलेलं असतं, गावाला नाही. आमच्या एका काकूंनी सांगितलं, ओवी घ्या पण माझं नाव रेडिओवर नको, घरात भांडण होईल. आम्ही वहीत नाव लिहिलं आणि त्यापुढे 'बाहेर सांगायचं नाही' असंही लिहिलं. नाव लिहिणं जसं तिच्या हक्काचं, तसं झाकून ठेवणंही तिच्याच हक्काचं.

बाहेरून कुणी ओव्या घ्यायला आलं तर आनंदाने द्या. पण नाव विचारा, संस्था विचारा, रेकॉर्डिंगची एक प्रत गावात ठेवून जायला सांगा आणि ते वहीत लिहून सही घ्या. हे मागण्यात काही कमीपणा नाही.

आमच्या वहीत आजवर दोनशे चौदा ओव्या झाल्या आहेत. त्यातल्या सत्तावीस मावशींच्या आहेत. वहिनींची नात आता बसायला लागली आहे. जातं घरात नाही, पीठ गिरणीतून येतं. पण पाळणा हलवताना वहिनी ती ओवी पूर्ण म्हणतात, शेवटाला पाण्याखालच्या गावाचं नाव येतं आणि पोरगी टाळ्या वाजवते.

आज घरी एक काम करा. आपल्या आईला, सासूला, आजीला एकच प्रश्न विचारा, "दळताना तुमच्यासमोर कोण बसायचं?" ती बाई हयात असेल तर या आठवड्यात जाऊन या. पुस्तकं कपाटात थांबतात, मोबाईलवरचं उद्याही मिळेल, पण मावशी थांबत नाहीत.

पुढच्या वेळी परत गटाच्या हिशोबाचं बोलू. नमस्कार.